रेकॉर्डच्या दुकानात इंडी बँड ऐकायला कोण कोण जातं?

टेम्सकाठी

लंडनला आल्यापासून मला लागलेली सगळ्यात चांगली सवय म्हणजे रेकॉर्डच्या दुकानात जाऊन बँड ऐकणं. इथे त्याला सरळ ‘इन-स्टोअर’ म्हणतात. नवा अल्बम आला की बँड त्या आठवड्यात शहरोशहरीच्या दुकानांत जातो, अर्धा-पाऊण तास वाजवतो आणि मग टेबलामागे बसून सह्या करतो. इथे यूकेतले बरेच जण आहेत, संगीतवेडे तर त्याहून जास्त, पण या विषयावर धागा सापडला नाही. म्हणून काढतेय.

मला वाटतं, ब्रिटिश इंडी संगीत (म्हणजे छोट्या, स्वतंत्र रेकॉर्ड कंपन्यांचं) ऐकायची खरी जागा हीच. कारण ते संगीत मुळात दुकानांनीच उभं केलंय.

जेफ ट्रॅव्हिसने १९७६ साली पश्चिम लंडनमध्ये नॉटिंग हिलला ‘रफ ट्रेड’ नावाचं दुकान काढलं. तेव्हा पंकची लाट नुकतीच सुरू होत होती. पोरं स्वतःच्या पैशाने सिंगल छापायची आणि खोकी घेऊन दुकानात यायची, ती ठेवून घेणारं हे दुकान. १९७८ मध्ये दुकानाने स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं. पुढे बाहेरगावच्या दुकानांना आणि वितरकांना जोडून ‘द कार्टेल’ नावाचं वितरणाचं जाळं विणलं: यॉर्कचं रेड ऱ्हायनो, लिव्हरपूलचं प्रोब, ब्रिस्टलचं रिव्हॉल्व्हर, नॉरिचचं बॅक्स. मोठ्या कंपन्यांच्या गोदामात पाऊल न ठेवता तुमची रेकॉर्ड देशभर पोचायला लागली. १९८० च्या जानेवारीत स्वतंत्र लेबलांच्या रेकॉर्डींसाठी वेगळा चार्ट, म्हणजे खपाप्रमाणे लावलेली क्रमवारी, सुरू झाला. ‘द स्मिथ्स’चा जॉनी मार आणि बासवाला अँडी रूर्क मँचेस्टरहून टेप घेऊन आले ते रफ ट्रेडकडेच, आणि १९८३ मध्ये त्यांचं पहिलं सिंगल तिथूनच निघालं.

१९९१ मध्ये वितरणाचा डोलारा कोसळला आणि बऱ्याच छोट्या लेबलांचे पैसे बुडाले. दुकान मात्र वाचलं, कारण १९८२ मध्येच तिथल्या कर्मचाऱ्यांनी ते विकत घेऊन वेगळं केलं होतं.

आता मुद्द्याचं. २००७ च्या जूनमध्ये ‘फॉप’ ही रेकॉर्डच्या दुकानांची साखळी बुडाली. सीडी संपली, दुकानं संपली, असं जो तो म्हणत होता. आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात रफ ट्रेडने पूर्व लंडनमध्ये ब्रिक लेनजवळ, ट्रुमन ब्रुअरीच्या जुन्या आवारात ५००० चौरस फुटांचं नवं दुकान उघडलं, रफ ट्रेड ईस्ट. पुढे कॉफीचा काउंटर आणि मागच्या टोकाला स्टेज. रेकॉर्ड इंटरनेटवर मिळेल, पण बँड समोर उभा राहून वाजवतोय हे इंटरनेटवर मिळणार नाही, इतका साधा आणि पक्का हिशोब त्यामागे होता.

तिथे संध्याकाळी गेलात की आधी रॅक सरकवलेले दिसतात. एरवी जिथे ‘एम’पासून ‘पी’पर्यंतचे बँड चाळत लोक उभे असतात, तिथे आता माणसं दाटीने उभी. गायिकेच्या पायापाशी गाण्यांची यादी टेपने चिकटवलेली, आणि पहिल्या रांगेतून ती सहज वाचता येते. पुढचं गाणं कुठलं ते तुम्हाला आधीच कळतं, आणि तरी ते सुरू झालं की अंगावर काटा येतो.

तुमचे अनुभव लिहा. लंडनबाहेरचे तर नक्की लिहा.

कॅसेटवाली

मस्त धागा! मी मुंबईतली, त्यामुळे इन-स्टोअर वगैरे फक्त यूट्यूबवर. पण दुकान म्हणजे काय ते माहीत आहे. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस १९४८ पासून होतं आणि २०१६ मध्ये बंद झालं. कॉलेज सुटल्यावर तिथल्या काचेच्या खोलीत शिरून हेडफोन लावायचा, खिशात पैसे असोत वा नसोत. काउंटरवरचे काका चेहरा बघून सांगायचे, की तू मागच्या वेळी ते घेतलंस ना, मग आता हे ऐक. इंग्लिश बँडांची माझी ओळख त्या काउंटरवर झाली.

प्रश्न: तिकीट असतं का? की कोणीही आत जाऊ शकतं? आणि बँडला यात काय मिळतं?

टेम्सकाठी

कॅसेटवाली, काचेच्या खोलीचं वाचून छान वाटलं.

पूर्वी बरेचसे इन-स्टोअर फुकट असायचे. सकाळी रांग लावा, मनगटाला पट्टी बांधून घ्या, संध्याकाळी या. आता बहुतेक ठिकाणी अल्बम आणि प्रवेश एकत्र विकतात. सीडी घेतली तर साधारण बारा-पंधरा पाउंड, एलपी घेतली तर पंचवीस-तीसच्या आसपास. बँडप्रमाणे कमीजास्त.

बँडला काय मिळतं, तर चार्ट. २०१५ च्या जुलैपासून नवे अल्बम शुक्रवारी येतात आणि चार्टचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार असा चालतो. म्हणून हे दौरेही त्याच सात दिवसांत बसवतात. शुक्रवारी दुपारी एका गावात, संध्याकाळी दुसऱ्या, शनिवारी तिसऱ्या. स्ट्रीमिंगचे हजारभर प्ले जमतात तेव्हा कुठे एक अल्बम मोजला जातो. दुकानात आलेला प्रत्येक माणूस मात्र तिथल्या तिथे एक आख्खा अल्बम. तीनशे माणसांचं दुकान म्हणजे तीन लाख प्ले! छोट्या बँडला हे गणित फार मोठं आहे.

रोखठोक

गणित पटलं, पण माझा आक्षेप तिथेच आहे. गाणं ऐकायचं तर अल्बम घ्यावाच लागतो. दोन दुकानांत बघायचं तर दोन अल्बम. शिवाय एकच रेकॉर्ड लाल, निळी, पारदर्शक, आणि दर दुकानाचा रंग वेगळा. चाहते चार-चार घेतात. याला संगीत म्हणायचं की विक्रीची मोहीम? पहिल्या आठवड्यात पाचव्या नंबरला आलेला अल्बम दुसऱ्या आठवड्यात चार्टमधून दिसेनासा होतो, असं किती वेळा पाहिलंय.

उत्तरेचा_पाऊस

रोखठोक, तो घसरगुंडीचा भाग खरा आहे. पण लीड्समध्ये राहून मी याची दुसरी बाजू बघतो.

आमच्याकडे हेडरोवर क्रॅश रेकॉर्ड्स आहे आणि १९७१ पासूनचं जंबो रेकॉर्ड्स आहे. दुकानात माणसं मावत नाहीत तेव्हा कार्यक्रम ब्रुडनेल सोशल क्लबमध्ये होतो. त्याला ‘आउट-स्टोअर’ म्हणतात: तिकीट दुकानाचं, जागा बाहेरची. यार्ड अ‍ॅक्ट हा आमच्या गावचा बँड. २०२२ च्या जानेवारीत त्यांचा पहिला अल्बम आला आणि आठवडाभर इयर्स अँड इयर्सच्या अल्बमशी पहिल्या नंबरसाठी अटीतटीची झुंज चालली. शेवटी दुसरा नंबर. पण त्या आठवड्यात लीड्समधल्या ज्या लोकांनी कधी चार्टकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते रोज आकडे विचारत होते.

दुसरं उदाहरण रॉदरमचे द रेटन्स. पाठीशी कुठलंही लेबल नाही, आणि २०२३ च्या जानेवारीत अल्बम थेट एक नंबरला. यॉर्कच्या शेड सेव्हनचा पहिला अल्बम १९९४ चा, आणि पहिला नंबर मिळाला २०२४ च्या जानेवारीत. तीस वर्षं! ज्यांनी विशीत त्यांच्या कॅसेट घेतल्या ते पन्नाशीत दुकानाच्या रांगेत उभे राहिले. या लोकांना कोणी फसवलेलं नाही. त्यांना त्या बँडसाठी काहीतरी करायचं होतं, आणि करता येण्यासारखं हे होतं.

टेम्सकाठी

रोखठोक, रंगीत आवृत्त्यांचा अतिरेक मलाही खटकतो. चार-चार प्रती घ्यायला लावणं चाहत्यांवर अन्याय आहे, आणि एवढं प्लास्टिक जगात कशाला आणायचं?

पण ‘अल्बम घ्यावाच लागतो’ हा मला दोष वाटत नाही. पंधरा पाउंडांत सीडी आणि गाणं दोन्ही. त्यातून दुकानाचं भाडं निघतं, बँडच्या गाडीचं पेट्रोल निघतं. छोट्या संगीतस्थळांसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टच्या आकड्यांनुसार एकट्या २०२३ मध्ये इथली १२५ छोटी संगीतस्थळं बंद पडली किंवा तिथलं संगीत थांबलं. नवा बँड वाजवणार कुठे? दुसरीकडे एलपीची विक्री वाढतेच आहे, २०२४ मध्ये यूकेत सुमारे ६७ लाख खपल्या. म्हणजे एक दार बंद होतंय आणि दुकानाचं उघडं आहे. मला तरी त्या दारातून जाण्यात काही वावगं वाटत नाही.

ढोलकी_ते_ड्रम

मी ड्रम वाजवतो, त्यामुळे आवाजाबद्दल लिहितो. याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

दुकान हे संगीतासाठी बांधलेलं नसतं. समोर काचेचा दर्शनी भाग, खाली सिमेंट नाहीतर लाकूड, वर उघडे पाइप. ड्रमला माइक लावायची गरजच नसते, उलट तो दाबावा लागतो. ब्राइटनच्या एका छोट्या दुकानात पाहिलं: ड्रमवाल्या मुलीने स्नेअर ड्रमवर भांडी पुसायचा टॉवेल पसरला होता, आणि काठ्यांऐवजी बारीक काड्यांची जुडी वापरत होती. दर दोन गाण्यांनी टॉवेल घसरायचा आणि ती गाण्याच्या मधेच डाव्या हाताने तो सारखा करायची, ठेका तसूभरही न चुकवता. गिटारचे अ‍ॅम्प अगदी खाली आणलेले, त्यामुळे तारेवर प्लेक्ट्रम लागल्याचा टक्-टक् आवाजसुद्धा ऐकू येत होता. स्पीकरमधून फक्त गायकाचा आवाज येणार, बाकी सगळं थेट वाद्यातून.

यात लपायला जागा नसते. मोठ्या हॉलमध्ये इको, धूर, दिवे यांच्या आड बरंच काही खपून जातं. दुकानात गाणं कच्चं असेल तर कच्चंच ऐकू येतं. आणि पक्कं असेल तर अल्बमवर जे सात थरांखाली दबलेलं असतं, ते वर येतं. मी कितीतरी बँडांचा बास पहिल्यांदा दुकानात नीट ऐकला.

मध्यंतर

आम्ही लंडनमध्ये होतो तेव्हाचं सांगतो. १६ जानेवारी २००८. रेडिओहेड त्या संध्याकाळी रफ ट्रेड ईस्टमध्ये फुकट वाजवणार अशी बातमी त्याच दिवशी फुटली. निमित्त ‘इन रेनबोज’ या अल्बमचं, जो त्यांनी आदल्या ऑक्टोबरमध्ये ‘वाटेल तेवढे पैसे द्या’ म्हणून इंटरनेटवर सोडला होता. दुकानात तो वर्षाच्या तोंडावर आला. ज्या बँडने जगाला दाखवून दिलं की दुकानाशिवाय अल्बम विकता येतो, तोच बँड दुकानात वाजवायला आला, हे मला तेव्हाही फार मोलाचं वाटलं होतं.

मी ऑफिसातून तडक निघालो. ब्रिक लेनवर पाय ठेवायला जागा नव्हती. सुरक्षेच्या कारणाने शेवटी कार्यक्रम जवळच्याच ‘नाइन्टी थ्री फीट ईस्ट’ क्लबात हलवला. मला आत जाता आलं नाही. बाहेर रस्त्यावर थंडीत उभे असलेले आम्ही सगळे मात्र गात होतो, अनोळखी लोक एकमेकांना सिगरेटी देत होते.

पुढच्या वर्षी जूनमध्ये ब्लर पुन्हा एकत्र आले. हाइड पार्कच्या प्रचंड कार्यक्रमांआधी त्यांनीही रफ ट्रेड ईस्टमध्येच वाजवलं. पार्कात हजारो माणसं, दुकानात शे-दोनशे. माझा एक सहकारी आत होता. तो अजून त्याबद्दल बोलतो, आणि हाइड पार्कलाही गेला होता हे त्याला आठवण करून द्यावं लागतं.

कॅसेटवाली

मध्यंतर, काय आठवण आहे! वाचताना मला दादरची छबिलदास शाळा आठवली. सत्तरच्या दशकात तिथल्या सभागृहात प्रायोगिक नाटकं व्हायची, आणि नट इतक्या जवळ असायचा की प्रेक्षकाला त्याचा श्वास ऐकू यायचा, असं आई सांगते. मोठ्या थिएटरात परवडत नव्हतं म्हणून छबिलदास, आणि मग छबिलदासमुळेच वेगळं नाटक. इथेही तसंच झालंय ना?

टेम्सकाठी

अगदी तसंच. जागेने काय वाजवायचं तेसुद्धा ठरवलं. रफ ट्रेडच्या जुन्या दुकानाचं आणखी एक उदाहरण देते, आणि हे मराठी माणसाने जाणून घ्यावं असं आहे.

नॉटिंग हिलचं दुकान पुढे तिथल्याच टॅलबट रोडवर गेलं. या दुकानातून ‘वीजा’ नावाचं एक छोटं लेबल निघालं. त्याचं इंग्रजी स्पेलिंग विचित्र दिसतं, कारण ते दुकानाच्या पिनकोडवरून, डब्ल्यू ११ १ जेए वरून, केलंय. याच लेबलवर लेस्टरचा कॉर्नरशॉप हा बँड होता. तजिंदर सिंग गायक. त्यांनी १९९७ मध्ये आशा भोसल्यांवर गाणं केलं, ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. त्यात लताबाई आहेत, रफी आहेत, आणि ४५ आरपीएमच्या तबकडीवरचं प्रेम आहे. डीजे नॉर्मन कुकच्या रीमिक्सने १९९८ च्या फेब्रुवारीत ते ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं. मंगेशकरांच्या घरातलं नाव ब्रिटिश चार्टच्या माथ्यावर पोचलं ते एका रेकॉर्डच्या दुकानाच्या पत्त्यावरून. टॅलबट रोडचं ते दुकान अजून चालू आहे. लंडनला आलात तर जा. भिंतीवर इंचभर जागा रिकामी नाही.

उत्तरेचा_पाऊस

हे माहीत नव्हतं! पिनकोडचं लेबल, वा.

अधेमधे

मी मुलांच्या बाजूने लिहिते. माझी मुलगी बारा वर्षांची. क्लबांत तिला प्रवेश नाही, बहुतेक ठिकाणी चौदा किंवा अठराची अट. मोठ्या स्टेडियमची तिकिटं परवडत नाहीत. दुकानातले दुपारचे कार्यक्रम मात्र बहुधा सगळ्यांसाठी खुले असतात, लहान मुलांबरोबर मोठं माणूस हवं एवढंच. (अट दर दुकानाची वेगळी, तिकिटावर बघून घ्या.)

ब्रिस्टलच्या दुकानात तिने पहिला बँड पाहिला. तिघी मुली, गिटार-बास-ड्रम. कार्यक्रम संपल्यावर सहीच्या रांगेत तिने गिटारवालीला विचारलं, की तिसऱ्या गाण्यात तुमचा हात इतका वर का जात होता. त्या मुलीने सह्या थांबवल्या, मार्कर पेन बाजूला ठेवलं, आणि हवेत हात धरून तो कॉर्ड तिला दाखवला. मागची रांग शांतपणे थांबली. घरी आल्यावर मुलीने जुनी गिटार काढली आणि बोटं सुजेपर्यंत तो एकच कॉर्ड धरत बसली. ती आता शिकतेय.

रोखठोक, याची किंमत पंधरा पाउंड असेल तर मी आनंदाने देईन.

रोखठोक

अधेमधे, हे वाचून माझा विरोध बराच मवाळ झाला. रंगीत आवृत्त्यांवरचा आक्षेप कायम आहे. पण मुलांना आत घेणारी दुसरी जागाच नसेल, तर हे दुकान टिकलंच पाहिजे.

ढोलकी_ते_ड्रम

आणि ब्रुडनेलमध्ये किंवा एखाद्या नाइटक्लबमध्ये होणाऱ्या आउट-स्टोअरला मी तरी इन-स्टोअर मानत नाही. किंग्स्टनचं बँक्वेट रेकॉर्ड्स हे काम उत्तम करतं, त्यांच्यामुळे त्या उपनगरात केवढे मोठे बँड येऊन गेलेत. पण तिथे पुन्हा स्टेज, दिवे, बार. रॅकमध्ये उभं राहून ऐकण्याची मजा वेगळीच.

उत्तरेचा_पाऊस

असहमत. इंग्लिश टीचर हा लीड्सचाच बँड, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीचा मर्क्युरी पुरस्कार २०२४ मध्ये त्यांना मिळाला. २०१४ नंतर प्रथमच हा पुरस्कार लंडनबाहेर गेला. असे बँड दुकान आणि क्लब दोन्हींच्या आधाराने वाढतात. क्रॅशमध्ये तिकीट घ्यायचं आणि ब्रुडनेलमध्ये ऐकायचं, यात तुटक काही नाही. आमच्या गावात ही एकच गोष्ट आहे.

बाळबोध

नमस्कार, मी सप्टेंबरमध्ये नॉटिंगहॅमला शिकायला चाललोय. मूळचा साताऱ्याचा. धागा वाचून भारी वाटलं. तिथे असं काही आहे का? आणि माझ्याकडे रेकॉर्ड प्लेअर नाही, तर काय घ्यायचं? विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल का?

टेम्सकाठी

बाळबोध, अभिनंदन! नॉटिंगहॅममध्ये २०१४ पासून रफ ट्रेड आहे, तिथेही कार्यक्रम होतात. कार्डिफला कधी गेलास तर स्पिलर्समध्ये जरूर जा, १८९४ पासूनचं दुकान आहे, जगातलं सगळ्यात जुनं रेकॉर्डचं दुकान म्हणून त्याची नोंद आहे. मँचेस्टरला ओल्डम स्ट्रीटवर पिकॅडिली रेकॉर्ड्स.

प्लेअर नसेल तर सीडी किंवा कॅसेटवालं तिकीट घे, ते सगळ्यात स्वस्त. एलपीचा मोह आवर. दुकानांच्या ईमेल यादीत नाव नोंदव, कारण चांगली तिकिटं तासाभरात संपतात. कार्यक्रम अल्बम येण्याच्या महिना-दीड महिना आधी जाहीर होतात, शुक्रवारपासूनचा आठवडा मोकळा ठेव. आणि तिकीट संपलं तरी त्या दिवशी दुकानात फोन करून विचार, कोणी ना कोणी परत करतं.

ढोलकी_ते_ड्रम

आणि बाळबोध, कानात घालायचे बुचे ने. दुकानात ड्रमच्या झांजा थेट तोंडावर येतात. उभं राहायचं ते बासच्या अ‍ॅम्पच्या बाजूला, तिथे गर्दीही कमी असते.

अधेमधे

सहीच्या रांगेत घाई करू नकोस. बँडला प्रश्न विचार. त्यांना आवडतं.

बाळबोध

सगळ्यांचे मनापासून आभार. ईमेल यादीत नाव आत्ताच नोंदवलं. कॅसेट प्लेअर घरी आहे, बाबांचा. बॅगेत बसतो का बघतो.